कोठीतला उजेड

जानकीबाईंनी आडनाव विचारलं नाही. जयवंताला तेच पहिल्यांदा खटकलं.

त्याआधी कर्जतात पाहिलेल्या प्रत्येक घरी तो प्रश्न आला होता; कधी सरळ, कधी वळसा घेऊन. गाव कोणतं? पोशीर. पोशीरला कुठे, देवळापाशी का? नाही, अलीकडे, बुद्धविहाराच्या बाजूला. मग खोली नेमकी कालच कुणाला तरी कबूल केलेली असायची, नाहीतर घरमालकिणीचा भाऊ गावाहून यायचा असायचा. जयवंता कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वनस्पतिशास्त्राची पदवी तिने पुण्यात घेतली होती, पण खोली मागताना पदवी कुणी विचारत नव्हतं. पोशीरहून नेरळपर्यंत चालत यायचं आणि तिथून गाडी पकडायची, असं तिने पावसाळाभर केलं. ओढा भरला की तास बुडायचे. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं, "गावात राहायला या बाई. नाहीतर पुढच्या वर्षीचं मला काही सांगता यायचं नाही."

म्हणजे खोली गेली की नोकरीही गेली. हे तिला स्वच्छ समजलं होतं.

जानकीबाईंनी एवढंच विचारलं, "एकट्याच ऱ्हानार का?"

"हो. एकटीच."

"मंग ऱ्हावा."

त्यांचे यजमान कमळाकर रेल्वेच्या यार्डात होते. ते ओटीवर बसून पायातले बूट सोडत म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघू. मंग पुडचं पुडं."

शिमग्यापर्यंत काय बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही. जयवंताने विचारलंही नाही.

तिला पुढची खोली मिळाली आणि तिच्यामागची एक अंधारी कोठी. कोठीत पूर्वी भाताचे कणगे असायचे; कोपऱ्यात अजून तुसाचा वास होता. खिडकी नव्हती. मधल्या भिंतीत एक दार होतं, ते जानकीबाईंच्या स्वयंपाकघरात उघडायचं. त्याची कडी पलीकडच्या बाजूला होती. कोठीच्या तुळईत एक जाड लोखंडी कडं ठोकलेलं होतं, रिकामं.

सामान थोडं होतं. कुंड्याच जास्त: दोन बिगोनिया, तीन नेचे आणि एक कलांचो. कलांचो म्हणजे पानफुटीच्याच कुळातलं, जाड पानांचं, लाल फुलांचं झाड. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निघताना तिने त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पहिल्या दिवशी तिने कुंड्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या कडेला मांडल्या, कारण घरात ऊन असं कुठे येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या तिच्या उंबऱ्याशी होत्या, ओळीने, एकही पान न मोडता.

"तुळशीपाशी नकोत हां, बाई," जानकीबाई अंगण झाडता झाडता म्हणाल्या. "तुमच्याकडं ठेवा."

तुमच्याकडं. जयवंता दिवसभर तो शब्द हातात घेऊन पाहत राहिली. पुढची खोली निजायला, वाचायला, चुलीला आणि वह्या तपासायलाच अपुरी होती. राहिली कोठी. तिथे झाडं जगवायची तर ऊन नाही तर नाही, दिवा टांगायला हवा होता.

धाकलूचं विजेच्या सामानाचं दुकान बाजारपेठेत होतं. वायरिंगही तोच करायचा. जयवंताने आधी त्याच्याकडून शंभर वॅटचा बल्ब आणि पत्र्याची टोपी नेली. आठवड्यात बिगोनियाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि नेचा चुरचुरीत वाळला. बल्ब वर उचलून टांगला, तेव्हा कलांचोचं खोड लांब, फिकं होत दिव्याकडे मान काढायला लागलं. बल्बमध्ये उष्णता फार आणि निळा प्रकाश कमी. हे तिने मुलांना फळ्यावर कितीदा सांगितलं होतं. ती बल्ब घेऊन दुकानात परत गेली.

"जलला काय?" धाकलूने विचारलं.

"नाही. झाडं जळली."

त्याने बल्ब कानाशी धरून हलवून पाहिला, बघूया खरं बोलते का, अशा चेहऱ्याने.

"ट्यूब दाखवा. पांढरी आणि पिवळसर, दोन्ही. लावून दाखवा."

जयवंताने पिशवीतून कलांचोचं एक पान काढलं आणि ते आधी एका ट्यूबखाली धरलं, मग दुसऱ्या. पांढरीखाली पान निळसर आणि थंड दिसलं, पिवळसरखाली भरलेलं. दुकानात कंदिलाची काच घ्यायला आलेले दोघे काच विसरून बघत राहिले.

"दोन्ही द्या. एकाच पट्टीवर बसवा. आणि साखळी, म्हणजे खालीवर करता येईल. कुंडीपासून वीतभर उंच राहायला हवी."

"वीतभर? बाई, ट्यूब छताला लावतात. ही अशी जमिनीशी कोन लावतंय? मानूस अडखळून पडंल."

"तिथे माणसं नसतात."

"मंग कोन असतंय?" धाकलूने आवाज खाली आणला. "कोंबड्या ठेवल्यात ना? आपलं मला सांगाया काय हरकत हाय. खोपोलीच्या बाजूला सगले पिल्लांना असाच दिवा लावतात."

"झाडं आहेत."

"असतील," धाकलू म्हणाला आणि त्या दोघांकडे पाहून हसला.

तो ट्यूब बसवायला आला तेव्हा तुळईतल्या कड्याला हाताने हिसका देऊन म्हणाला, "ह्ये पालन्याचं कडं. हत्ती टांगा, पडायचा नाय." साखळी त्यालाच अडकवली. पलीकडे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता; एक ताट खणकन पडलं आणि मग तो थांबला. दार बंदच राहिलं.

संध्याकाळी कमळाकर ओटीवरून म्हणाले, "बाई, आत कोंबड्याबिंबड्या नाय ना? नाय, लोक बोलतात म्हनून इच्यारलं. मीटर पलतोय जरा."

"या ना, बघून जा," जयवंता म्हणाली.

ते आले नाहीत. जानकीबाई तर तिच्या खोलीत कधीच यायच्या नाहीत. आमटीची वाटी उंबऱ्यावर ठेवायच्या, हाक मारायच्या आणि वळायच्या. कधी सहज आत डोकावणंसुद्धा नाही. जयवंता वाटी धुऊन तिथेच उंबऱ्यावर ठेवायची. असं का, ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती, असं ती धरून चालली होती.

झाडांचं मात्र छान चाललं. बिगोनियाला नवी पानं आली, नेचा पुन्हा कुरळे कोंब काढायला लागला. कलांचोचं खोड आखूड, घट्ट झालं. आता त्याला कळ्या यायला हव्या होत्या. हे झाड रात्र मोजतं. रात्र पुरेशी लांब आणि सलग काळोखी मिळाली तरच ते फुलायचं मनावर घेतं. म्हणून जयवंता सकाळी उठली की कोठीतला दिवा लावायची, शाळा सुटून आली की विझवायची, आणि मध्ये जाड पडदा ओढून बाजारपेठेत शिकवणीला जायची. त्यानंतर सकाळपर्यंत कोठीत पूर्ण अंधार.

मार्गशीर्ष लागला. पुण्याला या दिवसांत प्रयोगशाळेतल्या कलांचोला टोकाटोकाला हिरवे गुच्छ धरलेले असायचे. इथे काहीच नव्हतं. पानं मात्र जोमात, एकामागून एक. खत बदललं, पाणी कमी केलं, भिंग लावून शेंडे पाहिले. झाड असं वागत होतं जणू अजून भर उन्हाळा आहे आणि दिवस मोठे आहेत.

एका संध्याकाळी शिकवणीहून आल्यावर तिला पडद्यामागे काहीतरी पडल्यासारखं वाटलं. ती चाचपडत आत गेली. काही नव्हतं, उंदीर असेल. पट्टीला धक्का लागून साखळी हलली म्हणून तिने हाताने ती थांबवली, आणि हात तसाच राहिला. पट्टीवरचा चोक, ट्यूब पेटवणारा तो लोखंडी ठोकळा, गरम होता.

तिने दिवा विझवून बराच वेळ झाला होता. चोक इतका वेळ गरम राहत नाही.

दुसऱ्या दिवशीही गरम. तिसऱ्या दिवशीही. म्हणजे ती बाहेर असताना कुणीतरी मधल्या दाराने येत होतं, दिवा लावत होतं, आणि ती यायच्या आत विझवून जात होतं. झाडाला रोज संध्याकाळी जास्तीचा दिवस मिळत होता. कळ्यांचं कोडं सुटलं. पण झाडाचं सुटलं म्हणून जयवंताचं सुटलं नाही. दिवा विझवणारा माणूस तिला कळला असता: मीटर पळतो, विझवला. लावणारा कशासाठी लावेल? मीटर आणखी पळवायला. मग एक दिवस ओटीवरून बोलायचं, बाई, बिल बघा, आता काय करायचं तुम्हीच सांगा. भांडण नाही, आडनाव नाही, काही नाही. शिमग्याची वाटही बघायला नको.

रविवारी ती पोशीरला गेली. तिचे वडील धर्माजी खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेतात ऊन फुकाट पडलंय," ते म्हणाले, "आनि आमची शिकल्याली लेक झाडास्नी बत्ती दाखवते."

"आबा, मी दाराचं बोलतेय."

"दाराची कडी कुनाच्या बाजूला हाय?"

"त्यांच्या."

"मंग खोली त्यांचीच हाय. तू नुसता उजेड पाडतेस." त्यांनी पेंढी बाजूला टाकली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आदी बग कोन येतंय. नुसत्या संशयावर बोलू नको. आपलं बोलनं आपल्यावरच उलटतंय. आनि तुज्या बाजूनं एक कडी मार."

कर्जतला उतरल्यावर तिने एक पितळी कडी विकत घेतली. पण आबांचं पहिलं वाक्य तिला जास्त पटलं होतं. आधी बघायचं.

सोमवारी शिकवणीला जाताना तिने दोन्ही ट्यूबचे स्टार्टर फिरवून काढले आणि पर्समध्ये टाकले. बटण दाबलं तरी आता दिवा लागणार नव्हता. रात्री चोक गार होता. झोपण्याआधी तिने स्टार्टर परत बसवले, आणि सकाळी नेहमीसारखा दिवा लावला. तो चटकन लागला.

ती दात घासत मोरीशी उभी होती, तेव्हा जानकीबाई हंडा घेऊन आल्या. थोड्या घुटमळल्या.

"बाई, तुमचा त्यो दिवा बिगडला का?"

जयवंताने चूळ भरली. "नाही तर. चालू आहे आता."

"आं? बरं, बरं," असं म्हणून त्या हंडा न भरताच आत गेल्या.

तर या होत्या. जयवंताला कमळाकर असते तर बरं वाटलं असतं. जी बाई ती असताना तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती, ती नसताना येत होती.

त्या संध्याकाळी तिने दिवा विझवला, कुलूप लावलं, पर्स घेतली, आणि अंगणातून जाताना "येते हं काकी" असं जरा मोठ्यानेच म्हटलं. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर ती वडाखाली उभी राहिली. काय बोलायचं ते मनात नीट रचलं: काकी, मी या महिन्याअखेर खोली सोडते, पण मला कारण सांगा. घरोघरी दिवे लागायला लागले तशी ती परत फिरली. कुलूप आवाज न करता काढलं.

पडद्याच्या कडेने उजेडाची रेघ दिसत होती. तिने पडदा बाजूला केला.

जानकीबाई जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून, पदर डोक्यावरून घेऊन. समोर वीतभर उंचीवर टांगलेला दिवा आणि त्याखाली कुंड्या. त्यांनी कशालाच हात लावलेला नव्हता. जयवंताला पाहून त्या उठायला गेल्या आणि गुडघा धरून पुन्हा बसल्या.

"तुमी आज लवकर," त्या म्हणाल्या.

"काकी, तुम्ही रोज येता." रचलेलं वाक्य जागेवर नव्हतं. "का येता? माझी खोली नको असेल तर तसं सांगा. मी जाते. पण हे असं..."

"खोली?" जानकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "खोलीचं काय?"

"मीटर वाढवायला लावता ना दिवा?"

"मीटर?" त्या क्षणभर खरंच गोंधळल्या. मग त्यांचा आवाज चढला. "आनि तुमी काय करता वो? सगलं जग दिवेलागनीला दिवा लावतंय, आनि तुमी नेमका त्याच वक्ताला इझवून जाता! रोजच्या रोज! शिकल्याल्या ना तुमी? आसं करतात का? या जागी तर..."

त्या थांबल्या. वर कड्याकडे पाहिलं.

"या जागी काय, काकी?"

जानकीबाईंनी बसल्या जागेची जमीन तळहाताने पुसली.

"माजं बालंतपन हितंच झालं," जानकीबाई म्हणाल्या. "पोरगा व्हता. आमच्या मामंजींनी कडं ठोकून घेतलं, बारशाला पालना टांगाया. बारसं झालंच नाय. त्याच्या आदीच गेला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मानूस गेलं की दिवा लावतात ना जागेवर? मी म्हनलं, लावा. सासू म्हनली, तान्या पोराला दिवा नस्तो, नाव तरी हाय का त्याला? मंग हितं कनगे आनून ठेवलं. भात. मी कदी आत पाय ठेवला नाय. भात काडाया पन ह्येच यायचे."

"आणि मग मी इथेच दिवा टांगला."

"त्या कड्याला कायबी टांगलं नव्हतं कदी. धाकलू म्हनला, पालन्याचं कडं, आनि माज्या हातातलं ताट सुटलं. मंग एक दिस दार किलकिलं केलं तर उजेड. आन त्याच्याखाली झाडं. मला वाटलं, लावला कुनीतरी येकदाचा." त्यांनी नाक पुसलं. "पन तुमी सांजच्याला इझवायच्या. मला बगवंना. ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटंल बाई येडी झाली."

जयवंता त्यांच्यासमोर खाली बसली. अंगणातून उचलून उंबऱ्याशी ठेवलेल्या कुंड्या तिला आठवल्या. त्याबद्दल विचारायला हीच वेळ होती. तिने विचारलं नाही. त्याचं उत्तर कदाचित वेगळं असतं, आणि आज तिला ते नको होतं.

"काकी, हे झाड बघा," ती म्हणाली. "याला फुलं येतात. लाल. पण त्याला लांब अंधार लागतो. दिवसाचा उजेड हवाच, पण रात्र पुरली नाही तर ते कळी धरत नाही. म्हणून मी विझवते."

जानकीबाईंनी संशयाने झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अंधारात फुलतंय? थापा मारता."

"खरंच."

"म्हंजी मी रोज येऊन त्याला झोपूच दिलं नाय?"

"तसंच काहीसं."

"अगो बाई," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मंग इझव गं, इझव आदी! बसलीस काय?"

जयवंताने बटण बंद केलं. जानकीबाई चाचपडत दारापर्यंत गेल्या. पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना जयवंता धाकलूकडे थांबली. वनस्पतीला रात्र मोडल्याचं कळतं ते मुख्यतः लाल प्रकाशाने. मंद हिरव्याची ती फारशी दखल घेत नाही; प्रयोगशाळेत रात्री झाडं बघायला लागली तर ते हिरवाच दिवा वापरत. तिने गणपतीच्या आराशीतले उरलेले झिरोचे बल्ब काढायला लावले आणि प्रत्येक रंग लावून पाहिला. निळा, लाल, पिवळा बाजूला ठेवले. हिरव्यातलाही सर्वांत गडद काचेचा घेतला.

"आता हिरवा," धाकलू म्हणाला. "बाई, माजी शपत हाय. पिल्लांचा धंदा नाय ना?"

"नाही."

"मंग हा कुनाला?"

"माणसांना," जयवंता म्हणाली.

तिने तो त्याच कड्याला, पण ट्यूबपेक्षा बराच उंच टांगला, कुंड्यांपासून शक्य तेवढा दूर. बटण मधल्या दाराच्या चौकटीला, स्वयंपाकघराच्या बाजूने हात घातला की सापडेल असं घेतलं. दिवेलागणीला जानकीबाईंना हाक मारली. त्या उंबऱ्याशी थांबल्या, मग आत आल्या, आणि त्यांनी दिवा लावला. कोठी शेवाळलेल्या विहिरीसारखी दिसायला लागली.

"हा दिवा हाय का भूत?" जानकीबाई म्हणाल्या. "हिरवा दिवा कोन लावतं गं?"

"झाडाला हा दिसत नाही. त्याला वाटतं रात्रच आहे."

"आनि आपल्याला दिसतो?"

"आपल्याला दिसतो."

जानकीबाईंनी कुंडीवर वाकून पाहिलं, जणू झाड डोळे मिटून फसवत असावं. "बगू," त्या म्हणाल्या. "न्हाय फुललं तर मी इच्यारीन हां."

जयवंतालाही पूर्ण खात्री नव्हती. प्रयोगशाळेतला दिवा वेगळा होता, हा आराशीतला. शिकवणीहून आल्यावर ती रोज चोकला हात लावून पाहायची. चोक गार असायचा. वर हिरवा दिवा तेवत असायचा, आणि तो जानकीबाई जेवणं आटोपल्यावर विझवायच्या. पितळी कडी अजून तिच्या पर्समध्ये होती. ती काढून कुठे ठेवावी हे तिने ठरवलं नव्हतं.

पौष संपता संपता एका सकाळी तिला कलांचोच्या कुंडीच्या कडेला काळा डाग दिसला. वाटाण्याएवढा, गोल. तिच्या डोक्यात लगेच बुरशी आली. मग वाटलं, चोक तापून काजळी पडत असेल, म्हणजे पुन्हा कुणीतरी ट्यूब लावायला लागलं असेल. तिने चोकला हात लावला. गार. मग बोट ओलं करून ती डाग पुसायला गेली आणि बोट जवळ नेल्यावर तिला वास आला. एरंडेलाचा. घरी पाडलेल्या काजळाचा.

तीट लावली होती. तान्ह्या पोराला लावतात तशी, नजर लागू नये म्हणून.

जयवंताने बोट मागे घेतलं. मग तिने भिंग न घेताच शेंड्याकडे पाहिलं. दोन पानांच्या बेचक्यात हिरव्या कळ्यांचा गुच्छ होता, मोहरीएवढ्या दाण्यांचा.

"काकी!" तिने हाक मारली.

"हलू बोल," दारापलीकडून जानकीबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय. चार दिस झाले. कुनाला सांगू नको येवढ्यात. त्या धाकलूला तर अजाबात नको."